सगळे मानसिक आजार बरे होतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते: सगळे नाही. काही आजार उपचारांनी पूर्ण जातात. काही जातात, पण परत येण्याची शक्यता मागे ठेवतात. काही आयुष्यभर सोबत राहतात, तरी औषधांनी इतके आटोक्यात येतात की माणूस नोकरी करतो, संसार करतो. थोडे असे आहेत, ज्यांचा वेगसुद्धा आपल्याला फारसा थोपवता येत नाही. त्यांतही त्या माणसाचा त्रास कमी करण्यासाठी करण्यासारखं बरंच असतं.

हा प्रश्न सहसा कोऱ्या मनाने विचारला जात नाही. त्यामागे एक हकिकत असते: वर्षभर गोळ्या चालू आहेत, दोन डॉक्टर झाले, मध्ये एकदा देवऋष्याकडेही जाऊन आलो, फरक नाही. ती हकिकत महिन्यामहिन्याने उलगडून पाहिली की पुष्कळदा निघतं ते असं, की उपचार हरले नव्हते, ते पुरेसे झालेच नव्हते. गोळी अर्ध्या मात्रेत होती, तिसऱ्या आठवड्यात सोडली होती, नाहीतर मुळात निदानच वेगळं होतं. ‘असाध्य’ हा शिक्का मारण्याआधी एवढं तपासायलाच हवं, आणि आपल्याकडे ते फार कमी वेळा तपासलं जातं. मुळात उपचारांपर्यंत पोचणारेच थोडे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं (महाराष्ट्र त्या बारांत नव्हता). त्यात उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघालं.

भीतीच्या आजारांपासून सुरुवात करू, कारण तिथे यश सगळ्यात स्पष्ट दिसतं. पाल, कुत्रा, उंची, लिफ्ट अशा एखाद्या ठराविक गोष्टीची भीती असेल तर गोळ्यांची गरज सहसा पडतच नाही. त्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि भीती आपोआप उतरेपर्यंत तिथेच थांबायचं, हा उपचार. तो नीट आखला तर सुमारे तीन तासांच्या एका बैठकीतही पुष्कळांची भीती जाते. रक्ताच्या आणि इंजेक्शनच्या भीतीचं गणित मात्र वेगळं. बाकी भीतीत रक्तदाब चढतो, इथे तो एकदम पडतो आणि माणूस चक्कर येऊन कोसळतो. म्हणून इथे ‘सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला उलटा पडतो. हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडायचे, वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा आवळायचे, असं पाच वेळा. आधी घरी सराव करायचा, मग सुई समोर असताना.

पॅनिकच्या झटक्यात छाती धडधडते, श्वास अडकतो, आता मरणार असं वाटतं. दहा मिनिटांच्या आसपास तो शिगेला पोचतो आणि मग उतरतो. ईसीजी नॉर्मल येतो, तरी माणूस पुन्हा पुन्हा कॅज्युअल्टी गाठतो. यावर उपचार चांगले आहेत. घोटाळा होतो तो अल्प्राझोलामसारख्या गोळीमुळे. अर्ध्या तासात बरं वाटतं, म्हणून ती चालू राहते. दोन-चार आठवड्यांपलीकडे रोज घेतली की शरीराला तिची सवय लागू लागते, आणि एक दिवस चुकली तरी परत धडधड सुरू होते. मग रुग्णाला वाटतं, माझा आजारच जात नाही. खरं तर आता त्याला त्या गोळीच्या तुटवड्याचा त्रास होत असतो. ती एका झटक्यात बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांकडून मात्रा हळूहळू उतरवून घ्या.

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, आपल्या घरांत उशिरा लक्षात येतो. सोवळं-ओवळं, शिवाशिव, हातपाय धुऊन घरात येणं हे सगळं रीतीत बसतं, त्यामुळे आंघोळीला दोन तास लागायला लागेपर्यंत कुणी काही म्हणत नाही. इथे दोन उपचार आहेत आणि दोन्हींत गफलत होते. गोळ्या नैराश्याच्याच वापरतात, पण मात्रा जास्त लागते आणि वाट जास्त पाहावी लागते. फ्लुओक्सेटिन नैराश्यात २० मिलिग्रॅमवर भागतं, मंत्रचळात अनेकांना ४० ते ८० लागतं, आणि फरक दहा-बारा आठवड्यांनी मोजायचा. २० मिलिग्रॅम महिनाभर देऊन ‘उपयोग नाही’ म्हणणं हा न्याय नव्हे.

दुसरा उपचार सरावाचा. ज्या ज्या गोष्टींनी अस्वस्थता येते त्यांची यादी करायची आणि प्रत्येकीला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे. सुरुवात शंभरवाल्या गोष्टीपासून नाही, तीस-चाळीसवालीपासून. समजा, दाराची कडी. कडीला पूर्ण तळहात लावायचा, तोच हात कपड्यांना लावायचा आणि धुवायचा नाही. अस्वस्थता चढते, माणूस घामाघूम होतो, पण अर्धा-पाऊण तास, कधी तासभर काही केलं नाही तर ती आपली आपण उतरते. रोज हेच केलं की चढण बुटकी होत जाते, मग पुढची पायरी. साधारण बारा ते वीस बैठका लागतात आणि घरचा सराव रोज. कुठे बिघडतं ते पाहा: हात धुतला नाही, पण हळूच रुमालाला पुसला, किंवा मनात ‘नंतर धुणारच आहे’ म्हणून घेतलं, किंवा आईला विचारलं, ‘काही होणार नाही ना गं?’ आणि आई म्हणाली, ‘नाही रे बाळा, काही होत नाही.’ ते उत्तरसुद्धा हात धुण्याचंच काम करतं. त्या क्षणापुरती अस्वस्थता उतरते, आणि पुढच्या वेळी तोच प्रश्न दहादा येतो. म्हणून आईने काय म्हणायचं हे रुग्णाशी बोलून आधीच ठरवावं लागतं: ‘हा प्रश्न आजार विचारतोय, त्याचं उत्तर मी देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते.’ न सांगता, न ठरवता घरच्यांनी एके दिवशी अचानक उत्तरं बंद केली तर घरात रणकंदन होतं आणि उपचार तिथेच मोडतात.

आता नैराश्य. सगळ्यात जास्त भेटणारा आजार हाच, आणि अर्धवट उपचारही सगळ्यात जास्त याचेच होतात. एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखं नैराश्याचं औषध सुरू केलं की पहिले दहा-बारा दिवस फायदा दिसत नाही, पण त्रास दिसतो: मळमळ, डोकं जड, पातळ शौच, उगाच घालमेल. नेमक्या याच दिवसांत पुष्कळ लोक गोळी सोडतात. पोटात काही घालून गोळी घेतली, पहिला आठवडा निम्मी मात्रा ठेवली, तर बराचसा त्रास टळतो. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर या दिवसांत विशेष लक्ष ठेवायचं. घालमेल फार वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. सुधारणाही एका क्रमाने येते. सहसा झोप आणि भूक आधी सुधारते, मन सगळ्यात शेवटी. त्यामुळे घरच्यांना फरक दिसतो, तेव्हा रुग्ण म्हणत असतो की काहीच बदललेलं नाही. दोघंही खरं बोलत असतात.

पुऱ्या मात्रेत सहा ते आठ आठवडे झाल्याशिवाय औषधाला नापास करायचं नाही. चार आठवड्यांत तसूभरही हालचाल नसेल तर मात्र तेच रेटत बसण्यात अर्थ नाही. मात्रा वाढवायची की औषध बदलायचं हे तेव्हाच ठरवावं. पहिलं औषध लागू पडलं नाही तर घाबरू नका, ते बहुतेकांच्या बाबतीत घडतं. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांना घेऊन ‘स्टार-डी’ नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्या औषधावर पूर्ण बरे झालेले साधारण एक तृतीयांश होते. चार पायऱ्यांनंतर हा आकडा दोन तृतीयांशांपर्यंत गेला असं तेव्हा सांगितलं गेलं. पुढे त्याच माहितीची फेरतपासणी करणाऱ्यांनी हा आकडा फुगलेला असल्याचं म्हटलं, आणि तो वाद अजून आहे. म्हणून मी रुग्णांना दोन तृतीयांशांचं आश्वासन देत नाही. पहिल्या औषधावर न थांबणाऱ्याची शक्यता वाढते, एवढं सांगते.

बरं वाटायला लागल्यावरची चूक याहून महाग पडते. मन ताळ्यावर आलं की गोळी बंद होते, कधी स्वतःच्या मनाने, कधी ‘किती दिवस ती डोक्याची गोळी खाणार?’ या टोमण्यामुळे. पूर्ण बरं वाटू लागल्यापासून पुढे किमान सहा ते नऊ महिने तीच मात्रा चालू ठेवायची असते. आजार पुन्हा पुन्हा आला असेल तर दोन वर्षं, कधी जास्त. बंद करताना आठवड्याआठवड्याने उतरवायची. एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, विचित्र स्वप्नं असा त्रास होतो आणि तो आजार परतल्यासारखा वाटतो. ही गोळी बंद करणं अल्प्राझोलामइतकं जड जात नाही, तिची नशा होत नाही. दोन गोष्टी रुग्ण आपणहून बोलत नाहीत, त्या डॉक्टरने विचारायला हव्यात, आणि नाही विचारल्या तर तुम्ही सांगा. एक, शरीरसंबंधाची इच्छा मंदावणं किंवा वीर्यपतनाला फार उशीर लागणं. यामुळे गुपचूप गोळी सोडणारे खूप आहेत, आणि त्यावर औषध बदलण्यासारखा सोपा उपाय असतो. दुसरी गोष्ट साठीच्या पुढच्यांची. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असताना ही गोळी सुरू केली की कधी कधी रक्तातलं सोडियम उतरतं. आजोबा अडखळतात, बरळायला लागतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोडियमची तपासणी करून घ्या.

गोळ्यांशिवाय काय होऊ शकतं याचं एक उत्तम उदाहरण गोव्यातलं आहे. ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर एक चाचणी केली, ती २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. समुपदेशक कोण, तर स्थानिक माणसं. मानसशास्त्राची पदवी नाही, फक्त काही आठवड्यांचं प्रशिक्षण आणि नियमित देखरेख. सहा ते आठ बैठका, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. तीन महिन्यांनी या गटात ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आले होते. नेहमीचेच उपचार थोडे सुधारून दिलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. बैठकीत करायचे काय? नैराश्यात माणूस कामं सोडत जातो, कामं सुटली की मन आणखी खाली जातं. तो फेरा कामाच्या टोकाकडून सोडवायचा. आठवड्याचा तक्ता करायचा, दिवसाच्या कुठल्या वेळी काय केलं आणि तेव्हा मन कसं होतं ते लिहायचं, मग एखादं छोटं काम वेळ ठरवून परत सुरू करायचं. ‘जमेल तसं चालायला जा’ याने काही होत नाही. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला, शेजारच्या काकांबरोबर, देवळापर्यंत’ याने होतं. मनाला वाटेल तेव्हा करू, असं ठरवलं तर ते कधीच होत नाही. आधी काम, मन मागून येतं.

नैराश्यावर तीन-तीन औषधं हरली, असं दिसलं की एक प्रश्न विचारलाच पाहिजे: कधी असे चार-पाच दिवस गेले होते का, की झोप तीन तास, तरी थकवा नाही, डोक्यात योजनाच योजना, पैसे उधळले, बोलणं थांबेना? उत्तर ‘हो’ असेल तर हा बायपोलर, म्हणजे नैराश्य आणि अतिउत्साह या दोन टोकांत झुलणारा आजार, असू शकतो, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला फेकला जाऊ शकतो. हा आजार मुळापासून जात नाही. पण १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी ज्याचा उपयोग दाखवला ते लिथियम आजही इथे पहिल्या रांगेत आहे. ते उत्तम लागू पडलं तर वर्षानुवर्षं झटका येत नाही.

लिथियमचं पथ्य नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं असतं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात, १.५ च्या वर धोका सुरू होतो. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला. सकाळीही गोळी असेल तर ती खिशात न्यायची आणि रक्त देऊन झाल्यावर घ्यायची. आधी घेतली तर आकडा खोटा वर येतो आणि डॉक्टर विनाकारण मात्रा कमी करतात. मात्रा बदलल्यावर पाच-सात दिवसांनी पातळी, आणि सगळं स्थिर झालं की दर सहा महिन्यांनी पातळीबरोबर क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), थायरॉइड आणि कॅल्शियम.

शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि पातळी चढते. जुलाब, उलट्या, एप्रिल-मेमधलं शेतातलं काम, निर्जळी उपवास, रोजे, वारीतली रोजची पंधरा-वीस किलोमीटरची चाल, एकदम अळणी जेवण सुरू करणं, या सगळ्यांचा परिणाम तोच. वारीला किंवा उपवासाला बंदी नाही, पण जाण्याआधी डॉक्टरांशी बोलून मात्रा आणि पाण्याचं ठरवा. अंगदुखीला केमिस्टकडून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेऊ नका, त्यानेही पातळी चढते, पॅरासिटामॉल चालतं. बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच, म्हणून दुसऱ्या डॉक्टरला लिथियम चालू असल्याचं सांगायलाच हवं. हात बारीक थरथरणं नेहमीचं आहे. कप धरवत नाही इतकी थरथर, उलट्या, झोकांड्या जाणं, जीभ जड होणं यांपैकी काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना.

स्किझोफ्रेनियाबद्दल लोक सगळ्यात घाबरून विचारतात. पहिला झटका बहुतेकांचा औषधांनी ओसरतो: कानात ऐकू येणारे आवाज थांबतात, शेजारी कट करताहेत हा संशय विरतो. अवघड भाग दुसराच. कुणाशी न बोलणं, आंघोळ टाळणं, कशातच रस नसणं ही लक्षणं औषधांना फार कमी दाद देतात, आणि घरच्यांना तो आळस वाटतो. ‘ऊठ की आता, किती लोळशील’ हे दिवसातून दहा वेळा ऐकणाऱ्या रुग्णाचा आजार लवकर उलटतो, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. इथे उपयोगी पडतं ते छोटं, नेमाचं काम आणि घरच्यांचं शिक्षण. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्था रुग्ण आणि कुटुंब दोघांबरोबर हेच काम करत आल्या आहेत. आपल्याला आजार आहे हेच न पटणं हा या आजाराचाच भाग असतो. त्यामुळे रोज गोळीवरून भांडण होत असेल तर दोन किंवा चार आठवड्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

साधारण एक तृतीयांश रुग्णांना नेहमीच्या औषधांचा पुरेसा उपयोग होत नाही. दोन वेगवेगळी औषधं, पुऱ्या मात्रेत, प्रत्येकी किमान सहा आठवडे, आणि ती खरोखर पोटात गेली होती याची खात्री. एवढं होऊनही आवाज चालूच असतील तर पुढचं औषध क्लोझापिन. तिसरं, चौथं, पाचवं साधं औषध आणि मग दोन-दोन एकत्र करून बघण्यात वर्षं घालवू नयेत. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधीच्या औषधांनी न सुधारलेल्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांना सहा आठवड्यांत क्लोझापिनचा गुण आला; तुलनेच्या औषधाने फक्त ४ टक्क्यांना. तरी आपल्याकडे ते उशिरा दिलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. कारण आहे रक्ततपासणीचा धाक. शंभरात एकाहूनही कमी जणांत पांढऱ्या पेशी धोकादायक उतरतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, मग वर्ष पूर्ण होईपर्यंत पंधरवड्याला आणि पुढे महिन्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायची, असं रूढ वेळापत्रक आहे. ही तपासणी तालुक्याच्या लॅबमध्ये होते, अहवाल फोनवर पाठवता येतो. घसा धरला किंवा ताप आला तर त्याच दिवशी सीबीसी, वेळापत्रकात नसली तरी.

पेशींच्या धास्तीत तीन साध्या गोष्टी नजरेआड होतात. पहिली बद्धकोष्ठ. क्लोझापिनने आतडी मंदावतात, आणि दुर्लक्ष झालं तर आतडं अडून जीवावर बेतू शकतं. रोज विचारायचं, पोट साफ झालं का. दोन दिवस झालं नाही तर औषध, आणि नुसत्या इसबगोलावर भागत नाही. दुसरी, चुकलेली गोळी. ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुनी मात्रा एकदम सुरू करायची नाही. रक्तदाब कोसळू शकतो. पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढायचं असतं. गावी लग्नाला गेलो आणि डबी घरी राहिली, अशा वेळी हे माहीत नसलं तर घात होतो. तिसरी, बिडी-सिगारेट. धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जातं. रोज बंडलभर बिड्या ओढणारा रुग्ण वॉर्डात दाखल झाला, बिड्या बंद झाल्या, की त्याच मात्रेत औषधाची रक्तातली पातळी आठवड्याभरात बरीच चढते. गुंगी, लाळ, कधी फिट. धूम्रपान सोडायला हवंच, पण डॉक्टरांना सांगून, मात्रा कमी करत. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. त्यामुळे मिसरी किंवा तंबाखू मळून खाणाऱ्यांत हा फरक पडत नाही.

विजेच्या शॉकचं नाव काढलं की लोक सिनेमा आठवतात. आज तो भूल देऊन, स्नायू सैल करून देतात. भुलेशिवाय देण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे. जेवण तुटलेलं, बोलणं बंद, मरणाचा ध्यास लागलेलं नैराश्य असेल तर याच्याइतका लवकर गुण क्वचितच कशाने येतो. आठवड्याला दोन-तीन, एकूण सहा ते बारा. त्या दिवसांतल्या आठवणी पुसट होतात, काहींच्या त्याआधीच्याही थोड्या जातात. हे संमती देण्याआधी स्पष्ट सांगायला हवं.

दारूबद्दल एकच गोष्ट ठासून सांगते. ‘न सांगता जेवणात मिसळा, दारू सुटते’ अशी पावडर घरात आणू नका. तिच्यात डायसल्फिराम असेल आणि वर माणूस दारू प्यायला तर रक्तदाब कोसळून मृत्यू होऊ शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीनेच द्यायचं. आणि रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून दारू तोडू नका. काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत कधीही थरथर, भास, फिट सुरू होऊ शकतात. पहिले दिवस थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आणि औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या नजरेखाली काढायचे. पुढची लांब वाट आहे ती पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्राबरोबर, पाठपुराव्यासकट.

आता जे आपल्या हाताबाहेर आहेत ते. अल्झायमर आज कुणी परतवू शकत नाही. डोनेपेझिलसारख्या गोळीने काहींना थोडा काळ थोडा आधार मिळतो, एवढंच. पण विस्मरण म्हणजे अल्झायमरच असं धरून चालू नका. बी-१२ आणि थायरॉइड तपासा, आणि वयस्कांचं नैराश्यही विस्मरणाचं सोंग घेतं. हे तिन्ही त्रास उपचारांनी सुधारतात. मतिमंदत्व आणि ऑटिझम हे ‘बरे करण्याचे’ आजार नाहीत, तिथे शिकवणं आणि आधार हे खरं काम आहे. ऑटिझमसाठी लाखो रुपये घेऊन स्टेम सेल टोचणाऱ्यांपासून लांब राहा. स्वभावदोष म्हणून हेटाळल्या जाणाऱ्या बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वाच्या विकारात (यात भावना आणि नाती सतत टोकाला जातात) मात्र माझा अंदाज तुमच्यापेक्षा बराच आशादायी असेल: वर्ष-वर्ष चालणारी पद्धतशीर थेरपी लागते, पण दहाएक वर्षांत बहुसंख्यांची लक्षणं ओसरतात.

कुणी मरणाची भाषा करत असेल तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार रुजत नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या आणि कीटकनाशक एका माणसाने कुलपात ठेवायचं, मरणाची भाषा करणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, आणि १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीला फोन करायचा. तो चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालतो. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची मनोरुग्णांसाठीची संस्था, आणि जिल्हा रुग्णालयांतला मनोविकार विभाग इथे खाजगी फी परवडत नसेल तरी उपचार मिळतात. विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं; नकार आला तर तो लेखी मागा.

आणि ‘फरक नाही’ म्हणून नव्या डॉक्टरकडे जाणार असाल तर जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा नुसता पुढे ठेवू नका. एका कागदावर रकाने आखा: औषधाचं नाव, जास्तीत जास्त किती मिलिग्रॅमपर्यंत गेलं, त्या मात्रेवर किती आठवडे राहिलं, त्यातले किती दिवस खरोखर घेतलं, काय सुधारलं, का बंद झालं. खाली थायरॉइड आणि बी-१२ चे ताजे आकडे, चालू असलेली इतर औषधं (सांधेदुखीचे स्टिरॉइड आणि आयुर्वेदिक पुड्यासुद्धा), दारू-तंबाखूचं रोजचं प्रमाण, आणि घरात आधी कुणाला असा आजार होता का. नावं आठवत नसतील तर रिकाम्या स्ट्रिपचा मागच्या बाजूने काढलेला फोटो चालेल, मिलिग्रॅम तिथेच छापलेलं असतं.